पालवणकर बंधू

पालवणकर बंधू : विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबई इलाख्यातील क्रिकेट गाजविणारे चार भाऊ. बाळू (१९ मार्च १८७६—४ जुलै १९५५), शिवराम, गणपत व विठ्ठल अशी त्यांची नावे होत. बाळू हे त्यांतील ज्येष्ठ व सर्वाधिक कीर्तिमान. त्यांना भारतातील पहिला श्रेष्ठ फिरकी गोलंदाज मानले जाते. विठ्ठल हे शैलीदार फलंदाज, हिंदू संघाचे कर्णधार आणि माझे क्रीडा-जीवन (१९४८) या मराठी आत्मचरित्राचे लेखक. त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या चांभार जातीत जन्मलेल्या या भावांनी केवळ खेळातील गुणांच्या बळावर हिंदू संघात स्थान मिळविले. तथापि संघात स्थान मिळणे व संघाचे नेतृत्व मिळणे यांत त्या वेळी किती अंतर होते, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. या दृष्टीने पालवणकर बंधूंचा इतिहास हा क्रीडेच्या इतिहासाइतकाच महाराष्ट्रातील सामाजिक इतिहासाचाही भाग होय.

पार्श्वभूमी : मुंबईत इंग्रजांचे पाहून क्रिकेट प्रथम पारशी तरुणांनी आत्मसात केले. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ मध्ये स्थापन झाला. पुढे १८६६ मध्ये हिंदूंचाही क्लब निघाला आणि १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना झाली. युरोपीय व पारशी संघांत १८९२ पासून नियमितपणे होऊ लागलेल्या सामन्यांत १९०७ साली हिंदूंचा संघ सामील झाला व हे सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान संघाच्या प्रवेशाने ते चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतरे जनां’च्या संघामुळे पंचरंगी झाले. १९४६ च्या प्रारंभापर्यंत ते चालू होते. संघांची रचना धर्मावर आधारलेली असल्याने प्रत्येक संघाचा जय हा त्या समाजाचा जय समजला जाई. हिंदू संघापुढे यातून एक प्रश्न आपोआपच उभा राहिला. ज्यांना देवळात, पाणवठ्यावर व पंगतीत प्रवेश नाही, ते खेळाच्या मैदानावर हिंदू म्हणून उभे राहू शकतात काय ? या प्रश्नाचे उत्तर परिषदांमधून वा ग्रंथांमधून निघण्यापूर्वीच ते पुण्यातील एका मैदानावर व्यवहारात शोधावे लागले.

बाळूंची उमेदवारी : पालवणकर कुटुंबाचे मूळ गाव कोकणातील पालवण, त्यावरूनच हे आडनाव रूढ झाले. बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यास आले. लष्करी वसाहतीत गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या साधनांनिशी बाळू व शिवराम क्रिकेट शिकले. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना पहिली नोकरी मिळाली. मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे काम आणि महिना तीन रुपये वेतन. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात कामास लागले. तेथे वेतन चार रुपये होते. खेळपट्टी तयार करणे, जाळी बांधणे, धावपट्टीच्या रेषा आखणे ही कामे करीत असतानाच सरावाच्या वेळी गोलंदाजी करण्याची संधी त्यांना मिळाली. 

बाळू डाव्या हाताने मंदगती गोलंदाजी करीत. चेंडूचा टप्पा अचूक राखून गतीत व फिरकीत बदल करणे हे त्यांचे कौशल्य. पूना क्लबातील नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत आणि आपणास बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी इंग्रज फलंदाजांना शेकडो तास गोलंदाजी केल्याने बाळूंचा हात तयार झाला, यात शंका नाही. मात्र तेथे त्यांना फलंदाजीची संधी कधीच मिळाली नाही. त्या काळच्या क्लबांच्या रूढीनुसार फलंदाजी हा साहेबाचा मान, तर गोलंदाजी हे नोकराचे काम समजले जाई.

मैदान आणि मंडप : बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. युरोपियनांच्या संघास नमवावयाचे तर बाळूंसारखा गोलंदाज हवा, हे उघड होते. पण संघात बहुसंख्येने असलेल्या ब्राह्मण खेळाडूंपैकी काहींचा त्यांना घेण्यास विरोध होता. अखेर विजयाची इच्छा रूढीपेक्षा प्रबळ ठरली व बाळू संघात आले. यातून एक चमत्कारिक तडजोड निर्माण झाली. मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूस हात लावीत. परंतु खेळाच्या मधल्या वेळात इतरांना मंडपात चिनी मातीच्या कपांतून चहा दिला जाई, तर बाळूंना मंडपाबाहेर, वापरून टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून. हातपाय धुण्यासाठी त्यांना पाणी देण्याचे काम अस्पृश्य नोकराकडे असे. जेवणाचे ताट व जागाही वेगळी असे.

या तडजोडीतील विसंगती लक्षणीय आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. तो दिवसभर हाताळण्यास, त्यावर घाम पुसून तो पुन्हा दुसऱ्याच्या हाती देण्यास कोणाची हरकत नसे. चामड्याच्या धंद्याशी ज्यांचे नाव जोडलेले होते, त्या जातीतील माणसाच्या हातचा पेला मात्र चालत नसे. स्पर्शाचे नियम धर्माने अटळ केलेले आहेत असे सांगितले जाई. ते गरजेप्रमाणे सैल करता येतात, हे मैदानाने सिद्ध केले. मात्र खेळ संपताच ते नियम पुन्हा लागू होत.

सातारा येथील युरोपियन संघाविरुद्ध हिंदूंनी मिळविलेल्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्यानंतर पुण्यात त्यांचा सत्कार झाला. बाळूंबरोबर खेळता येते, तर त्यांच्याबरोबर जेवावयास काय हरकत आहे, अशा आशयाचे विचार न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी व्यक्त केल्याचा उल्लेख आढळतो. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा जाहीर गौरव केल्याचे सांगितले जाते. सुधारक व राष्ट्रवादी अशा दोन्ही प्रवाहांना बाळूंच्या यशाची दखल घ्यावी लागली.

मुंबईतील कारकीर्द : १८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. हिंदू जिमखान्याचे कर्णधार कीर्तिकर यांनी काही सभासदांच्या आक्षेपास न जुमानता त्यांना संघात घेतले. उपजीविकेसाठी बाळूंनी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी पतकरली व त्या रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. त्या काळी रेल्वेची नोकरी ही अनेक गुणी परंतु निर्धन खेळाडूंचा आधार होती; राजेरजवाड्यांच्या आश्रयाखेरीज खेळाडूस पोट भरण्याचा तो जवळजवळ एकमेव सन्माननीय मार्ग होता.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपीय संघांत झालेला सामना विशेष गाजला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपीय संघाचे डाव अनुक्रमे १९१ व १०२ धावांत आटोपले आणि हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले. शिवरामही या संघात होते. वंगभंगविरोधी स्वदेशी चळवळीच्या त्या काळात राज्यकर्त्यांच्या संघाचा त्यांच्याच खेळात झालेला हा पराभव देशभर चर्चिला गेला. सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या वृत्तपत्रांनी त्यातून आणखी एक निष्कर्ष काढला. जातिभेद बाजूस ठेवल्यामुळेच हा विजय शक्य झाला. तेव्हा मैदानावरील हा धडा समाजानेही गिरवावा, असा त्यांचा सूर होता.

इंग्लंडचा दौरा : १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडू होते. बाळू व शिवराम या दोघांचीही त्यात निवड झाली होती. सांघिक दृष्ट्या हा दौरा फारसा यशस्वी ठरला नाही. २३ पैकी १५ सामन्यांत संघास हार पतकरावी लागली. परंतु पस्तिशीत पोहोचलेल्या व खांद्याच्या दुखण्याने ग्रासलेल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लेस्टरशरवरील विजयात त्यांनी सामन्यात ११ बळी मिळविले, तर सॉमरसेटविरुद्धच्या निसटत्या विजयात शिवराम यांचे नाबाद शतक निर्णायक ठरले.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे बाळूंचा सत्कार करण्यात आला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव रामजी आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिल्याचे सांगितले जाते. पूर्वास्पृश्य समाजातील तरुण पिढीला बाळू हे त्या वेळी सर्वांत परिचित व अभिमानास्पद नाव वाटत होते, हे यावरून दिसते. शाळा, न्यायालय, कचेरी ही क्षेत्रे त्या समाजाला अद्याप जवळजवळ बंद असताना क्रिकेटच्या मैदानाने त्याला पहिला सर्वमान्य नायक दिला.

कर्णधारपदाचा प्रश्न : ज्येष्ठता, अनुभव आणि कामगिरी यांपैकी कोणताही निकष लावला, तरी १९१० नंतर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे जाणे स्वाभाविक होते. त्यांच्या चाहत्यांनी तशी मागणीही केली. परंतु प्रत्येक वेळी ती डावलली गेली. १९१३ मध्ये कर्णधारपद एम. डी. पै यांना मिळाले. सत्कारास उत्तर देताना पै यांनी, हा मान वास्तविक आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यास, बाळूंना मिळावयास हवा होता, असे खुलेपणाने सांगितले. सहखेळाडूंच्या मनात आदर असूनही निवडीचे अधिकार असणाऱ्यांचा कल बदलला नाही.

यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. गोलंदाज हा संघाचे साधन मानता येतो; त्याला चेंडू देऊन काम करवून घेता येते. पूना क्लबात बाळूंचे स्थान हेच होते आणि हिंदू संघातही ते पुष्कळ अंशी तसेच राहिले. कर्णधार मात्र आज्ञा देतो. क्षेत्ररक्षकांच्या जागा तो ठरवितो, फलंदाजीचा क्रम लावतो, प्रतिपक्षाच्या कर्णधाराशी बरोबरीच्या नात्याने वागतो आणि भोजनप्रसंगी संघाच्या वतीने बोलतो. म्हणजे कर्णधारपदाचा प्रश्न केवळ स्पर्शाचा नव्हता. तो सत्तेचा होता. स्पर्शाच्या नियमात सवलत देऊन विजय मिळविता येत होता; परंतु तथाकथित उच्चवर्णीयांनी अस्पृश्य माणसाच्या आज्ञेत राहावे, ही गोष्ट निवडमंडळांना मानवणारी नव्हती.

हा प्रश्न १९२० मध्ये निर्वाणीस आला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यापुरते कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर गुणी खेळाडू होते व पुढे त्यांनी मोठा लौकिक मिळविला. पण त्या वेळी विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होते. विठ्ठल व शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि आपली बाजू जाहीर निवेदनाद्वारे मांडली. आपला आक्षेप कोणा व्यक्तीवर नसून जातीच्या कारणाने डावलले जाण्यावर आहे, हा त्या निवेदनाचा गाभा होता.

या कृतीचे महत्त्व त्या वर्षाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. १९२० च्या जानेवारीत आंबेडकरांचे मूकनायक हे पाक्षिक सुरू झाले. मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे व मे महिन्यात नागपूर येथे अस्पृश्यांच्या परिषदा भरल्या व त्यांना छत्रपती शाहू महाराजांचे पाठबळ लाभले. डिसेंबरमधील नागपूर काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचे आवाहन केले. अशा वातावरणात पालवणकर बंधूंची माघार ही केवळ दोन खेळाडूंची नाराजी राहिली नाही. वृत्तपत्रांतून तिच्यावर वादविवाद झाला आणि लोकमत बव्हंशी भावांच्या बाजूने झुकले. पुढील सामन्याच्या वेळी तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परत आले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले व विठ्ठल आणि शिवराम संघात परतले. सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले असता नेतृत्वाची धुरा बाळूंनी सांभाळली. आयुष्यभर नाकारले गेलेले पद त्यांना कारकीर्दीच्या अखेरीस असे थोड्या वेळापुरते मिळाले. या सुमारासच त्यांनी खेळातून निवृत्ती पतकरली. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५·२१ ही त्यांची कामगिरी आजही उल्लेखनीय ठरते.

विठ्ठल पालवणकर : बाळूंना जे मिळाले नाही ते विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने विजेतेपद मिळविले. विजयानंतर उच्चवर्णीय प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. याच वर्षी, ऑगस्ट १९२३ मध्ये, सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला व सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, विद्यालये इ. ठिकाणी अस्पृश्यांना प्रवेश असावा असे ठरले. तथापि हा ठराव कागदावरच राहिला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला व सत्याग्रहींना मार खावा लागला. एका अस्पृश्य कर्णधारास खांद्यावर घेणे आणि त्याच्या जातबांधवास तळ्यावर पाणी पिऊ देणे यांत किती अंतर होते, हे या दोन घटनांवरून दिसून येते.

विठ्ठल यांनी निवृत्तीनंतर आपले अनुभव माझे क्रीडा-जीवन या पुस्तकात नोंदविले. भारतीय क्रिकेटपटूंच्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना करावी लागेल; महाराष्ट्रातील पूर्वास्पृश्य समाजातील लेखकांच्या आत्मकथनांचा प्रवाह १९७० नंतर जोमाने वाहू लागला, त्यापूर्वी दोन दशके ते प्रसिद्ध झाले होते. ज्येष्ठ बंधूंची उमेदवारी, संघातील वागणूक व कर्णधारपदाचा वाद यांसंबंधीची माहिती या पुस्तकामुळेच टिकून राहिली. दीर्घकाळ ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील इंग्रजी ग्रंथाने (२००२) त्याचा आधार घेऊन या भावांचे चरित्र नव्याने प्रकाशात आणले.

अमेरिकेतील एक समांतर उदाहरण : खेळातील गुण मान्य करावयाचे, परंतु खेळाडूची प्रतिष्ठा मान्य करावयाची नाही, ही वृत्ती केवळ भारतापुरती मर्यादित नव्हती. त्याच काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंनाही तिला तोंड द्यावे लागले. पॉल रॉब्सन (९ एप्रिल १८९८—२३ जानेवारी १९७६) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांचे वडील गुलामगिरीतून पळून मुक्त झालेले व पुढे धर्मोपदेशक बनलेले गृहस्थ होते. रॉब्सन १९१५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून न्यू जर्सीतील रटगर्झ महाविद्यालयात दाखल झाले. अमेरिकन फुटबॉलच्या सरावात पहिल्याच दिवशी संघातील गोऱ्या खेळाडूंनी त्यांना जबर दुखापत केली. तरीही ते संघात टिकले. १९१६ मध्ये दक्षिणेकडील एका महाविद्यालयाच्या संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार देताच रटगर्झने रॉब्सन यांनाच बाहेर बसविले. पुढे १९१७ व १९१८ या दोन्ही वर्षी अखिल अमेरिकन संघात त्यांची निवड झाली.

रॉब्सन यांनी कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. परंतु वर्णभेदामुळे वकिलीत वाव नसल्याचे पाहून ते रंगभूमीकडे वळले. गायक व नट म्हणून त्यांनी जागतिक कीर्ती मिळविली. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची भूमिका त्यांनी १९३० मध्ये लंडनला व १९४३ पासून न्यूयॉर्कला केली. न्यूयॉर्कमध्ये या नाटकाचे २९६ प्रयोग झाले. राजकीय मतांमुळे अमेरिकन शासनाने १९५० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द केले. ते त्यांना १९५८ मध्ये परत मिळाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मनिवेदनपर पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त भारतात स्थापन झालेल्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी भूषविले होते व पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी या समारंभास पाठिंबा दिला होता.

रॉब्सन व पालवणकर यांच्या चरित्रांत फरकही आहेत. महाविद्यालयीन शिक्षणामुळे रॉब्सन यांना रंगभूमी, संगीत व लेखन अशी अन्य क्षेत्रे खुली झाली. बाळूंना क्लबातील नोकरी व रेल्वे यांवरच विसंबावे लागले. रॉब्सन यांना प्रतिपक्षाच्या हट्टापायी बाहेर बसावे लागले, तर बाळूंना स्वतःच्याच धर्माच्या संघाने वेगळे बसविले. परंतु दोहोंतील समान सूत्र असे, की आपल्या वाट्याला आलेली वागणूक रॉब्सन व विठ्ठल या दोघांनीही स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली. खेळाडूची धावसंख्या व बळी दप्तरात नोंदले जातात. मातीच्या भांड्यातील चहा कोणत्याही धावफलकावर नोंदला जात नाही. ती नोंद ज्याने भोगले त्याला किंवा त्याच्या भावालाच करावी लागते.

बाळूंचे सार्वजनिक जीवन : निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. महात्मा गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याविषयी त्यांना आदर होता. येरवडा कारागृहातील गांधींच्या उपोषणाच्या वेळी सप्टेंबर १९३२ मध्ये झालेल्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला व करारावर सही केली. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवला येथे धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध दर्शविला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेसाठी त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्याने एके काळी आपल्या गौरवाचे मानपत्र लिहिले असे मानले जाते, त्याच नेत्याकडून बाळूंचा पराभव झाला.

या निवडणुकीकडे दोन व्यक्तींमधील स्पर्धा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. हिंदू समाजात राहून गुण व संयम यांच्या बळावर त्याचे मन वळविता येईल, ही बाळूंची श्रद्धा होती आणि त्यांच्या आयुष्यात तिला काही आधारही मिळाला होता. हक्क हे कोणाच्या सदिच्छेवर अवलंबून असू नयेत, ही आंबेडकरांची भूमिका होती. बाळूंच्या स्वतःच्या कारकीर्दीचा बारकाईने विचार केला, तर ती आंबेडकरांच्या भूमिकेस अधिक पुष्टी देते. दहा वर्षे उत्तम कामगिरी करूनही कर्णधारपद मिळाले नाही. भावांनी संघातून माघार घेतली, तेव्हाच उपकर्णधारपद मिळाले व त्यानंतर तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले. केवळ गुणांनी संघाचे दार उघडले. नेतृत्वाचे दार उघडण्यासाठी नकार द्यावा लागला.

मूल्यमापन : बाळू पालवणकर यांचे मुंबई येथे ४ जुलै १९५५ रोजी निधन झाले. भारताला कसोटी सामन्यांचा दर्जा १९३२ मध्ये मिळाला. त्यापूर्वीच त्यांची कारकीर्द संपली असल्याने विक्रमांच्या सूचीत त्यांचे नाव ठळकपणे आढळत नाही. धर्मावर आधारलेले सामने स्वातंत्र्यापूर्वीच बंद पडल्याने त्या सामन्यांतील कर्तृत्वही पुढील पिढ्यांच्या स्मरणातून मागे पडले. लगान (२००१) या हिंदी चित्रपटातील अस्पृश्य फिरकी गोलंदाजाच्या पात्रामागे बाळूंची स्मृती असावी, असे अनेक जाणकार मानतात. चित्रपटात त्या गोलंदाजास संघात घेतल्यावर प्रश्न मिटतो. पालवणकरांच्या बाबतीत प्रश्नाची सुरुवात तेथून झाली. संघात घेतलेल्या माणसास पंगतीत घ्यावयाचे काय, आणि पंगतीत घेतलेल्यास नेता मानावयाचे काय, या क्रमाने तो वाढत गेला. या भावांनी त्यातील प्रत्येक पायरीवर समाजाला उत्तर देणे भाग पाडले, हे त्यांचे क्रीडेबाहेरील कार्य होय.